एक शब्द, दोन श्रोतृवर्ग : 'स्ट्रायपर' ह्या ख्रिस्ती रॉक वृंदाची वाटचाल

दक्षिण कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्यात मायकेल व रॉबर्ट स्वीट ह्या बंधूंचा 'रॉक्स रेजीम' नावाचा एक वाद्यवृंद होता. १९८३ च्या सुमारास त्याने आपले गाणे ख्रिस्ती श्रद्धेस वाहिले व 'स्ट्रायपर' हे नाव घेतले. मायकेल हे गायक, रॉबर्ट हे ड्रमवादक. गिटारवादक ऑझ फॉक्स व बेसवादक टिम गेन्स हे त्यांचे सहकारी. ख्रिस्ती आशयाचे रॉक संगीत तेव्हा नवे नव्हते. लॅरी नॉर्मन ह्यांची ह्या प्रकारची पहिली ध्वनिमुद्रिका १९६९ मधली, तर 'पेट्रा' हा वृंद १९७२ मध्ये स्थापन झाला. परंतु ह्या परंपरेचा श्रोता मुख्यतः ख्रिस्ती समाजातलाच होता. स्ट्रायपरने हेवी मेटलच्या खुल्या बाजारात पाऊल टाकले. त्यामुळे चर्चमध्ये वाढलेला श्रोता व चर्चची वाटही न तुडविलेला श्रोता अशा दोघांशी त्यास एकाच शब्दांत बोलावे लागले. त्याच्या उत्कर्षाची आणि अडचणींची पुष्कळशी कारणे ह्या शब्दांच्या घडणीतच आढळतात.

प्रथम नावच घेऊ. 'स्ट्राइप' ह्या इंग्रजी शब्दाला दोन अर्थ आहेत : कापडावरील पट्टा आणि फटक्याने अंगावर उठलेला वळ. १६११ च्या इंग्रजी बायबलात यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील पाचव्या वचनात हा शब्द दुसऱ्या अर्थाने आला आहे. वृंदाने काळे-पिवळे पट्टे अंगावर व वाद्यांवर मिरविले आणि नावाच्या चिन्हाखाली त्या वचनाचा क्रमांक छापला. पट्टे सर्वांना दिसत. वळ दिसे तो जाणत्यास. मराठीत हा श्लेष साधणार नाही, कारण 'वळ' कापडावर नसतो आणि 'पट्टा' अंगावर बसला तरी मागे वळच राहतो. इंग्रजीतही त्याचे आयुष्य जुन्या भाषांतराशी बांधलेले आहे. १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या व पुढे अमेरिकेत फार लोकप्रिय ठरलेल्या नव्या भाषांतरात तेथे 'जखमा' ह्या अर्थाचा शब्द आहे. केवळ तेच वाचणाऱ्या तरुणास वचनाच्या क्रमांकावरून नावाचा उगम उमगणार नाही. रॉबर्ट स्वीट ह्यांनी पुढे नावाच्या एकेका अक्षरावरून तारण, शांती, धार्मिकता इत्यादी शब्दांचे एक वाक्यही जुळविले. अर्थात ही व्युत्पत्ती नव्हे. शाकपूणीने 'अग्नि' शब्दाची तीन धातूंत फोड केली, तिची मात्र येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

१९८४ मध्ये पहिली लहान ध्वनिमुद्रिका, १९८५ मध्ये 'सोल्जर्स अंडर कमांड' आणि १९८६ मध्ये 'टू हेल विथ द डेव्हिल' अशी चढती कमान आहे. ह्यांपैकी तिसरीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिचे शीर्षक म्हणजे झोपी गेलेल्या वाक्प्रचारास जागे करण्याचा उत्तम नमुना होय. इंग्रजीत 'अमुक नरकात जावो' हा केवळ उडवून लावण्याचा उद्गार झाला आहे; त्यातील नरक कोणास जाणवत नाही. परंतु ज्यास नरकात धाडावयाचे तो सैतानच असला की शब्दशः अर्थ पुन्हा उभा राहतो. मसणवट्यातल्या वेताळाला 'मसणात जा' म्हणावे, तशी ही गंमत. मेटलच्या श्रोत्यास त्यात बंडखोरी ऐकू आली, श्रद्धावंतास सिद्धांत. आणि काही श्रद्धावंतांस केवळ शिवी. सैतानास ज्वालांत लोटणाऱ्या चार देवदूतांचे मूळ मुखपृष्ठही वादग्रस्त ठरून त्याच्या जागी साधे काळे मुखपृष्ठ आले.

ह्याच संग्रहातील 'ऑनेस्टली' हे संथ गीत 'बिलबोर्ड'च्या सर्वसाधारण यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यात देवाचे नाव नाही. एक 'मी' एका 'तू'ला प्रेमाचे व सोबतीचे आश्वासन देतो, एवढेच. हा 'मी' प्रियकर मानावा, मित्र मानावा की खुद्द देव? इंग्रजी व्याकरण त्याचा निर्णय देत नाही, कारण त्या भाषेतील क्रियापद बोलणाऱ्याचे वा ऐकणाऱ्याचे लिंग सांगत नाही. मराठीत देवास व प्रियेस दोघांनाही 'तू' म्हणता येते, तथापि 'आलास' की 'आलीस' हे ठरविल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. ज्या गीताने हा वृंद सर्वांत दूरवर नेला, ते त्याच्या श्रद्धेविषयी सर्वांत कमी बोलणारे गीत होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

विरोध झाला तो प्रामुख्याने आपल्यांकडूनच. दूरचित्रवाणीवरील प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट ह्यांनी १९८७ मध्ये ख्रिस्ती रॉक संगीताविरुद्ध पुस्तकच लिहिले, आणि त्याच्या नावात मेंढराच्या कातड्यातील लांडग्याचे शुभवर्तमानातील रूपक योजिले. वृंद कार्यक्रमात नव्या कराराच्या प्रती श्रोत्यांत फेकीत असे, तेही त्यांना रुचले नाही. विशेष हे की, स्वीट बंधू १९७५ च्या सुमारास ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले, ते ह्याच स्वॅगर्ट ह्यांची प्रवचने दूरचित्रवाणीवर पाहून.

१९८८ च्या 'इन गॉड वी ट्रस्ट' ह्या संग्रहास नाण्यांवरील राष्ट्रीय ब्रीदवाक्याचेच नाव दिले होते. त्यानंतर १९९० च्या 'अगेन्स्ट द लॉ'मध्ये पट्टे गेले, वचनाचा क्रमांक गेला आणि गीतांतून देवही जवळजवळ गेला. जेथे एका शब्दाचे दोन अर्थ होते तेथे आता एकच उरला, आणि त्या अर्थाचे वृंद बाजारात उदंड होते. खप घसरला. १९९२ मध्ये मायकेल बाहेर पडले व लवकरच वृंद मोडला.

२००३ मध्ये तो पुन्हा एकत्र आला आणि २००५ पासून नवे संग्रह निघू लागले. २०१७ मध्ये गेन्स ह्यांची जागा पेरी रिचर्डसन ह्यांनी घेतली. ह्या उत्तरकाळातील भाषादृष्ट्या महत्त्वाची घटना म्हणजे २०१८ चा 'गॉड डॅम ईव्हिल' हा संग्रह होय. वॉलमार्ट ह्या दुकानांच्या साखळीने तो विक्रीस ठेवण्याचे नाकारले. हे शीर्षक म्हणजे देवाने दुष्टाईस दंड द्यावा अशी प्रार्थना आहे, असा मायकेल स्वीट ह्यांचा खुलासा होता. व्याकरण त्यांच्या बाजूचे आहे. इंग्रजीतील जुना इच्छार्थ येथे क्रियापदाच्या मूळ रूपातच दडलेला असतो; 'गॉड ब्लेस'मध्ये तो आजही आशीर्वाद म्हणून ऐकू येतो. 'गॉड डॅम' मात्र वापराने झिजून एकजीव झाले आणि शिवीवजा विशेषण बनले. मराठीत 'देव तुझे भले करो' आणि 'तुझे वाटोळे होवो' ह्या दोहोंत ओकारान्त रूप शाबूत आहे, म्हणून 'देव दुष्टाईचे निर्दालन करो' हे वाक्य कोणास शिवी वाटणार नाही. इंग्रजी शीर्षकात प्रार्थना आणि शिवी ह्यांच्यामध्ये दोन शब्दांतील मोकळ्या जागेएवढेच अंतर होते, आणि ती जागा उच्चारात ऐकू येत नाही.