पार्सल नरडाण्याला येते तेव्हा

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे सोडून शिरपूरकडे निघाले की तापीचा पूल यायच्या आधी नरडाणा लागते. सुरत-भुसावळ मार्गावरचे रेल्वे स्टेशन आहे, औद्योगिक वसाहत आहे, आजूबाजूला कापूस आहे. पण कादंबरी विकत घ्यायची तर धुळे गाठायचे, हा आमच्या लहानपणीचा शिरस्ता होता. गावात शाळेची पुस्तके आणि वह्या मिळत. त्यापलीकडचे वाचन एक तर वाचनालयाच्या कपाटातून येई, नाही तर पोस्टमनच्या पिशवीतून.

पोस्टमनच्या पिशवीतून येई ते व्ही. पी. ने. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. प्रकाशकाला पोस्टकार्ड टाकायचे, आठ-पंधरा दिवस वाट पाहायची, आणि पोस्टमन दारात आला की पैसे मोजून पुडके सोडवून घ्यायचे. पैसे आधी नाहीत, माल हातात आल्यावर. ही सोय टपाल खात्याने १८७७ साली सुरू केली. पुढे २००७ साली बंगळुरात फ्लिपकार्ट नावाची कंपनी पुस्तके विकण्यासाठी निघाली आणि २०१० साली तिने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली. तेव्हा केवढा गाजावाजा झाला! माझ्या आईने एवढेच विचारले, ‘‘म्हणजे व्ही. पी. च ना?’’ यावर मला आजही उत्तर सुचलेले नाही.

या साऱ्या घरपोच व्यवहाराचा पाया ज्या सहा आकड्यांवर उभा आहे, तो पिनकोडही जुनाच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो अमलात आला, आणि तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले कोकणातले, आणि संस्कृतचे कवी व नाटककार. पहिला आकडा विभागाचा, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा ४. पुढचे दोन उपविभाग आणि जिल्हा सांगणारे. शेवटचे तीन थेट पोस्टाचे. एका नावाची दहा गावे, चार लिप्यांतले पत्ते आणि गिचमिड अक्षर यांवर तोडगा म्हणून काढलेली ही युक्ती. परदेशी भांडवलाच्या दुकानांनाही आमच्यापर्यंत पोचायला शेवटी संस्कृत कवीचेच बोट धरावे लागते, याची मला मोठी गंमत वाटते. अर्थात पिनकोड गावापर्यंत आणतो, घरापर्यंत नाही. तिथून पुढे पार्सलवाल्या मुलाचा फोन येतो, ‘‘भाऊ, तुमनं पार्सल शे. कोठे शेतस?’’ मग मारुतीचे मंदिर, पाण्याची टाकी, अशा खुणा सांगत बसायचे.

पुस्तकांच्या बाबतीत हा बदल फार मोठा आहे, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. पुण्याच्या बुकगंगासारख्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांची जी यादी एका जागी दिसते, ती धुळ्यातल्या कोणत्याही दुकानाच्या फळीवर मावली नसती. अॅमेझॉनने २०१३ च्या जूनमध्ये भारतात दुकान मांडले तेही पुस्तके आणि चित्रपटांपासूनच. १९७४ साली ‘ग्रंथाली’ने वाचक चळवळ सुरू केली, गावोगाव ग्रंथयात्रा नेल्या, त्या मागे हीच तळमळ होती: पुस्तक आणि वाचक यांच्यातले अंतर कमी करायचे. ते अंतर आता कमी झाले आहे. मात्र दुकानात उभ्या उभ्या चार पाने वाचून, ठरवले होते त्यापेक्षा वेगळेच पुस्तक घेऊन येण्याची जी चैन होती, ती पडद्यावर होत नाही. तिथे जे शोधावे तेच सापडते.

आणि कधी कधी तेही धड सापडत नाही. मागे एका गाजलेल्या मराठी पुस्तकाची प्रत मी मागवली. किंमत निम्म्याने कमी, तेव्हाच शंका यायला हवी अशी. आले ते फोटोकॉपीसारखे फिकट छापलेले, सोळा पाने गायब, बांधणी हात लावताच सुटणारी. चोरटी आवृत्ती! विक्रेत्याचे नाव इथे देत नाही. सांगायचे ते वेगळेच आहे. २३ जुलै २०२० पासून ई-व्यापारासाठी ग्राहक संरक्षणाचे नियम लागू आहेत. प्रत्येक संकेतस्थळाने तक्रार अधिकाऱ्याचे नाव द्यायचे, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तेवढ्याने भागले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक आहे. मी पानांचे फोटो जोडून तक्रार लिहिली, पैसे परत आले. लेखकाचे मानधन मात्र त्या चोरट्या प्रतीत कुठेच नव्हते, ते कोण परत करणार?

लहान प्रकाशकांचे दुखणे आणखी निराळे. स्वस्तात पुस्तके पाठवण्याची रजिस्टर्ड बुकपोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. दीडशे रुपयांचे पुस्तक पाठवायला त्याच्या निम्मा खर्च येऊ लागला, तर कवितासंग्रह कोण मागवील? १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ आणले; ३०० ग्रॅमला २० रुपये, पाच किलोला १००, वर कर. खेड्यातल्या वाचकाला मोठ्या सवलतींच्या जाहिरातींपेक्षा या दरपत्रकाचे मोल अधिक आहे, असे माझे मत आहे.

संगीताचे तर विकत घेणेच संपले. धुळ्याच्या बसस्टँडजवळ कॅसेट घेताना दुकानदार ती लावून दाखवायचा. ती कॅसेट घरी आली की आपली. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचे गाणी विकण्याचे दुकान काढले आणि जून २०१३ मध्ये ते गुंडाळले. गूगलने आपली प्ले म्युझिक सेवा २०२० साली बंद केली. याहून भारी किस्सा २००९ चा. हक्कांच्या घोळामुळे अॅमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेले पुस्तक त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकले, आणि ते पुस्तक होते जॉर्ज ऑर्वेलचे ‘१९८४’! कंपनीने नंतर माफी मागितली. तेव्हा ‘विकत घ्या’ असे बटण दिसले तरी पुष्कळदा आपण फक्त वापरण्याची परवानगी घेत असतो, हे घरातल्या मुलांना सांगून ठेवलेले बरे.

याच जमान्याने आमच्या अहिराणीला मात्र हात दिला, हेही सांगितले पाहिजे. कॅसेटच्या काळात अहिराणी गाणी खानदेशाच्या बाजारातच फिरत. आता ‘हाई झुमका वाली पोर’ आणि ‘केसावर फुगे’ यांवर ज्यांना अहिराणीचा एक शब्द कळत नाही, असे लोकही नाचतात.

राहिली तिकिटे. २२ सप्टेंबर २०२४ रोजी कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची विक्री बुकमायशोवर सुरू झाली. शेजारचा पुण्यात शिकणारा मुलगा सुटीला गावी आला होता. ओसरीवर मोबाइल घेऊन बसला. रांगेत त्याचा क्रमांक लाखांत होता. तिकिटे संपली आणि थोड्याच वेळात तीच कितीतरी पट भावाने अन्यत्र दिसू लागली. पूर्वी थिएटरबाहेर ब्लॅकवाला निदान समोर उभा असायचा! घरबसल्या काढलेल्या तिकिटावर जो जादा आकार लागतो, त्याला बंदी घालणारे राज्य सरकारचे आदेशही मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केले. म्हणजे रांग वाचवण्याचे पैसे द्यायचे आणि रांगेतही उभे राहायचे.

धुळ्यात नाटक लागते तेव्हा मीही आता मोबाइलवरच पुढच्या रांगेतल्या खुर्च्या निवडतो. पूर्वी त्यासाठी कुणा नातेवाइकाला खिडकीवर पाठवावे लागे. अडचण एकच उरते. नाटक सुटते रात्री साडेबाराला, आणि परतीच्या वाहनाची सोय आपली आपण करायची असते. त्यामुळे आम्ही नाटकाची दोन तिकिटे कधीच काढत नाही. ज्याच्याकडे गाडी आहे, त्याचे तिसरे धरूनच काढतो.