आठ तासांची मुंबई : क्रूझचा थांबा आणि खासगी नगरदर्शन

प्रवाशांना एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेऊन सोडणे हे जुन्या आगबोटींचे काम होते. क्रूझ जहाज मात्र प्रवाशांना वाटेतील अनेक बंदरे दाखवत नेते आणि पुष्कळदा निघाल्या ठिकाणीच परत आणून सोडते. हिवाळ्यात अटलांटिक महासागरावरची वाहतूक मंदावत असे आणि मोठी जहाजे रिकामी उभी राहत. हे पाहून हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी १८९१च्या जानेवारीत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या सफरीवर पाठवले आणि आधुनिक क्रूझ पर्यटनाचा पाया बहुतांशी तेथेच घातला गेला, असे मानले जाते. या पर्यटनाचा साचा आजही फारसा बदललेला नाही. जहाज सकाळी धक्क्याला लागते, प्रवासी शहरात उतरतात आणि संध्याकाळी जहाज पुढच्या बंदराकडे निघते. मधल्या आठ-दहा तासांच्या या मुक्कामात एखादे अनोळखी शहर कितपत कळू शकते, हा प्रश्न प्रत्येक क्रूझ प्रवाशापुढे उभा राहतो आणि त्याचे उत्तर बव्हंशी त्याच्या सोबत असलेल्या मार्गदर्शकावर अवलंबून असते.

शहर पाहण्याचे दोन मार्ग

बंदरावर उतरलेल्या प्रवाशाला शहर पाहण्याचे मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला मार्ग जहाज कंपनीने आखलेल्या सहलीचा. तिला क्रूझच्या व्यवहारात ‘शोअर एक्सकर्शन’ म्हणतात. या सहलीत तीस-चाळीस प्रवासी एका मोठ्या बसमधून ठरलेल्या मार्गाने नेले जातात, सर्वांना ठरलेल्या वेळी उतरावे आणि चढावे लागते, आणि सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीने सगळ्यांचा दिवस पुढे सरकतो. या व्यवस्थेचा मोठा लाभ म्हणजे अशा सहलीची बस रहदारीत अडकली तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. दुसरा मार्ग खासगी नगरदर्शनाचा. त्यात एक कुटुंब किंवा मित्रांचा लहान गट स्वतःसाठी गाडी आणि मार्गदर्शक आगाऊ ठरवतो. जहाजाच्या सहलीचे शुल्क दरडोई असते, तर खासगी सहलीचे बहुधा गाडी आणि दिवस यांच्या हिशेबाने आकारले जाते. त्यामुळे चार-सहा जणांच्या गटाला ती अनेकदा परवडते. वृद्धांना वारंवार विसावा लागतो, लहान मुलांना लवकर भूक लागते, कोणाला वास्तुकलेत रस असतो तर कोणाला बाजारात; या सर्वांना सामावून घेण्याची लवचीकता खासगी सहलीतच असते. या सोयीबरोबर जबाबदारीही येते, कारण खासगी सहलीला गेलेला प्रवासी उशिरा परतला तर जहाज त्याच्याविना निघून जाऊ शकते आणि पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास त्याला स्वखर्चाने करावा लागतो.

म्हणून खासगी नगरदर्शनाची आखणी वेळेच्या हिशेबाने सुरू होते. जहाज सकाळी आठला लागणार आणि संध्याकाळी सहाला सुटणार असे वेळापत्रक असले, तरी प्रवाशाच्या हाती दहा तास येत नाहीत. पारपत्राची आणि सामानाची तपासणी होऊन फाटकाबाहेर पडेपर्यंत तास-दीड तास सहज जातो. जहाज सुटण्यापूर्वी अर्धा ते एक तास सर्व प्रवाशांनी परत यावे असा दंडक असतो. त्याआधी रहदारीसाठी आणखी तासाभराची मोकळीक ठेवावी लागते. उरतात ते सहा-सात तास. त्यातच जहाजावरील घड्याळ आणि शहरातील घड्याळ यांत फरक असू शकतो, कारण काही जहाजे प्रत्येक बंदरात स्थानिक वेळ स्वीकारतात, तर काही आपली वेळ कायम ठेवतात. ओमान किंवा दुबईकडून येणाऱ्या प्रवाशाच्या मोबाईलवर मुंबईत पोहोचताच घड्याळ दीड तास पुढे सरकते. अशा वेळी परतीची वेळ कोणत्या घड्याळाप्रमाणे ठरली आहे, हे उतरण्यापूर्वी विचारून घेणे आणि मार्गदर्शकालाही सांगून ठेवणे अत्यावश्यक ठरते.

शहराच्या कुशीतले बंदर

या दृष्टीने मुंबईला एक दुर्मीळ अनुकूलता लाभली आहे. रोम पाहण्यासाठी येणारी क्रूझ जहाजे चिवितावेक्किया या बंदरात लागतात आणि तेथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे. साहजिकच जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा भाग संपतो. मुंबईत मात्र जहाज बॅलार्ड पिअरला, म्हणजे फोर्ट भागाच्या अगदी पूर्वेला लागते. येथे उभारलेल्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले. टर्मिनलबाहेर पडताच जो भाग लागतो तो बॅलार्ड इस्टेटही बंदराचेच अपत्य आहे, कारण अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या भरावाने ही जमीन समुद्रातून मिळवली गेली आणि तिच्यावरील रेखीव इमारतींची शिस्त जॉर्ज विटेट या वास्तुरचनाकाराने आखून दिली. मुंबईतील दिवस कोठून सुरू करावा, या प्रश्नाचे उत्तर असे पायाखालीच मिळते. या शहराचा व्यापार, त्याची लोकवस्ती आणि त्याच्या इमारती बंदरामुळे वाढल्या. तेव्हा बंदर हाच धागा हाती धरला तर सहा-सात तासांतही शहराची एक सलग, समजण्याजोगी कथा सांगता येते. आठ तासांत सगळे शहर दाखवण्याचा हव्यास सोडून एकच कथा नीट सांगणे, यातच मार्गदर्शकाचे खरे कौशल्य आहे.

त्या कथेचा पहिला टप्पा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा आहे. बंदरातला माल आणि दख्खनच्या पठारावरचा कापूस यांची गाठ रेल्वेने घालून दिली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली आणि त्याच परिसरात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी रचलेली ही वास्तू १८८८ मध्ये पूर्ण झाली. २००४ मध्ये तिचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचे प्रतीक म्हणून सिंह आणि भारताचे प्रतीक म्हणून वाघ बसवलेला आहे, हे बहुतेक पर्यटकांना कोणी ना कोणी दाखवते. जाणता मार्गदर्शक मात्र दर्शनी भिंतीवरील अर्धपुतळ्यांकडे लक्ष वेधतो, कारण रेल्वे कंपनीशी संबंधित इंग्रज अधिकाऱ्यांच्या त्या रांगेत जमशेटजी जीजीभाई आणि जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचेही चेहरे आहेत. या शहराच्या उभारणीत एतद्देशीय व्यापाऱ्यांचा पैसा आणि पुढाकार किती होता, हे समजावण्यासाठी ते दोन दगडी चेहरे पुरेसे असतात. सर जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात ज्या कोरीवकामाला लागला, त्यातील पाने, पक्षी आणि प्राणी न्याहाळायला दहा मिनिटे दिली, तर ‘व्हिक्टोरियन गॉथिक’ ही संज्ञा वेगळी शिकवावी लागत नाही. टोकदार कमानी, उंच मनोरे आणि निसर्गातल्या आकृत्यांचे दाट नक्षीकाम असलेली, मध्ययुगीन युरोपीय प्रार्थनामंदिरांच्या धर्तीवर एकोणिसाव्या शतकात नव्याने घडवलेली ही शैली तेथे डोळ्यांसमोरच असते.

दुसरा टप्पा ओव्हल मैदान. १८६०च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथून मिळणारा कापूस आटला, हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी फोर्टचा जुना तट पाडून टाकला व मोकळ्या झालेल्या जागेत सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहू लागली. मैदानाच्या मध्यावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले, तर विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाने उभारलेला, १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई मनोरा दिसतो. तेथेच पाठ फिरवून पश्चिमेकडे पाहिले की १९३०च्या दशकातील, बॅकबेच्या भराव जमिनीवर सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधलेल्या निवासी इमारती दिसतात. गोलाकार बाल्कन्या, आडव्या पट्ट्या आणि जहाजाच्या डेकची आठवण करून देणारे कठडे ही त्यांची लक्षणे असून या शैलीला ‘आर्ट डेको’ म्हणतात. व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको या दोन्ही शैलींतील ९४ इमारतींचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरला. एका मैदानावर एकदा वळून पाहिले की दोन काळांची मुंबई समोरासमोर दिसते. क्रूझ प्रवाशाच्या तुटपुंज्या वेळेत इतके मोठे फळ देणारी जागा शहरात क्वचितच असेल.

कामकाजाच्या दिवशी सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास येथून जवळच चर्चगेट स्थानकाबाहेर डबेवाल्यांची लगबग असते. उपनगरांतून लोकलने आलेले डबे पदपथावर मांडले जातात आणि झाकणावर रंगवलेली अक्षरे व आकडे वाचून त्यांची इमारतींनुसार फेरवाटणी होते. डबा कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरायचा आणि कोणत्या इमारतीच्या कितव्या मजल्यावर जायचा, हे सारे त्या खुणांत सामावलेले असते. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली आणि प्रामुख्याने मावळपट्ट्यातील माणसांनी चालवलेली ही व्यवस्था पाहुण्याला समजावून सांगताना मार्गदर्शकाने त्यांच्या कामात अडथळा येऊ न देणे हे कौशल्याइतकेच सभ्यतेचेही लक्षण आहे.

पुढे गेटवे ऑफ इंडियाजवळ कथा पुन्हा समुद्राशी येते. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या १९११च्या भेटीचे स्मारक म्हणून बांधलेली आणि १९२४ मध्ये खुली झालेली ही कमान. तिच्याच खालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी निघून गेली. याच परिसरातील अपोलो बंदरावर ९ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण आफ्रिकेहून परतलेले मोहनदास गांधी उतरले होते. दुपारच्या जेवणानंतर गावदेवीच्या मणिभवनात गेले की हाच धागा पुढे नेता येतो, कारण १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचे मुंबईतील वास्तव्य तेथे असे आणि कार्यही तेथूनच चालत असे.

काय वगळावे याचे शास्त्र

या कार्यक्रमात घारापुरीची लेणी नाहीत, हे अनेकांना खटकेल. गेटवेहून लाँचने जाण्यास सुमारे एक तास लागतो, लेण्यांपर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात आणि परतीचा तास धरला तर अर्ध्याहून अधिक दिवस तेथेच जातो. शिवाय लेणी सोमवारी बंद असतात. त्रिमुखी सदाशिवाची ती सुमारे वीस फूट उंचीची मूर्ती भारतीय शिल्पकलेचे शिखर आहे, म्हणून ज्याला शिल्पकलेचीच ओढ आहे त्याने संपूर्ण थांबा घारापुरीला द्यावा आणि शहर सोडून द्यावे. दोन्ही उरकण्याच्या नादात दोन्ही हातचे जातात. प्रवाशाची आवड आगाऊ विचारून असा स्पष्ट सल्ला देणारा मार्गदर्शक, यादीतली सगळी ठिकाणे दाखवण्याचे आश्वासन देणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह समजावा.

हा सल्ला देण्यासाठी जी तयारी लागते ती अभ्यासातून येते. पर्यटन मंत्रालयाची किंवा राज्य शासनाची मान्यता असलेल्या मार्गदर्शकाजवळ ओळखपत्र असते आणि ते मागून पाहण्यात संकोच करण्याचे कारण नाही. परदेशी जहाजांवर जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश किंवा जपानी बोलणारे प्रवासी पुष्कळ असतात. त्यांच्या भाषेत इतिहास सांगू शकणारे मार्गदर्शक मोजकेच आहेत. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन किंवा आलियाँस फ्राँसेज येथे परकीय भाषा शिकलेल्या मराठी तरुणांसाठी हे प्रतिष्ठेचे क्षेत्र ठरू शकते. मात्र पावसाळ्यात क्रूझ जहाजे जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे हे काम मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल या हंगामात एकवटते आणि वर्षभराच्या उपजीविकेसाठी त्याला दुसऱ्या कामाची जोड द्यावी लागते.

मार्गदर्शकाच्या विवेकाची खरी कसोटी महालक्ष्मीच्या धोबीघाटासारख्या ठिकाणी लागते. स्थानकाजवळच्या पुलावरून दगडी कुंड्यांच्या रांगा पाहताना खाली राबणारी माणसे हे कुतूहलाचे प्रदर्शन होऊ नये, याची काळजी त्यालाच घ्यावी लागते. ही कष्टाची, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि शहराला आवश्यक असलेली सेवा आहे, हे सांगून मगच कॅमेरा उघडू देणारा आणि माणसांची छायाचित्रे त्यांच्या संमतीनेच घेऊ देणारा मार्गदर्शक पाहुण्याला शहराचा आदर करायला शिकवतो.

मराठी पर्यटकही आता मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपच्या आणि परदेशांत भूमध्य समुद्राच्या क्रूझवर मोठ्या संख्येने जाऊ लागले आहेत. त्यांनाही हेच नियम लागू पडतात : मान्यताप्राप्त मार्गदर्शक आगाऊ ठरवावा, भेटीची नेमकी जागा, गाडीची माहिती आणि संपर्क क्रमांक लेखी घ्यावा, प्रवेशशुल्क आणि जेवण दरात धरले आहे की नाही हे स्पष्ट करावे, त्या दिवशी काय बंद आहे याची चौकशी करावी आणि जहाजाच्या स्थानिक प्रतिनिधीचा क्रमांक जवळ ठेवावा. सर्वांत दूरचे ठिकाण आधी पाहून हळूहळू बंदराकडे सरकत यावे, म्हणजे उशीर झालाच तर तो जहाजाच्या जवळ होतो.

नवे टर्मिनल बांधल्याने जहाजे येतील, परंतु प्रवासी शहराविषयी कोणते मत घेऊन जातील हे धक्क्याबाहेर भेटणाऱ्या पहिल्या जाणत्या माणसावर ठरेल. त्यासाठी मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणात स्थानिक इतिहासाला अधिक वेळ मिळणे, विद्यापीठांच्या इतिहास व भाषा विभागांनी या व्यवसायाकडे गांभीर्याने पाहणे आणि हंगामाबाहेर शाळा-महाविद्यालयांच्या वारसा-फेऱ्यांसाठी याच मार्गदर्शकांना काम देणे, या तीन गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. तसे झाले तर परदेशी पाहुण्यासाठी घडवलेले हे ज्ञान मुंबईच्या स्वतःच्या मुलांपर्यंतही पोहोचेल, आणि ज्यांचे हे शहर आहे त्यांनाच ते ओळखता येणे हा या साऱ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा लाभ असेल.