आमची थंडी रात्रीची

बियाण्याच्या पाकिटावर ‘सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरा’ असं छापलेलं असतं. ते आमच्या खडवलीला लागू नाही. इथे दिवाळी होईस्तोवर मी वाफ्यांना हात लावत नाही. ऑक्टोबर हीटमध्ये मेथी उगवते आणि दुपारी माना टाकते. शिवाय भाताचं रान तेव्हा ओलं असतं. चिखलणी झालेल्या मातीत घाईने कुदळ घातली तर ढेकळं विटांसारखी वाळतात. वाफसा आला की मगच शेणखत.

आमची थंडी असते ती रात्रीची. जानेवारीतसुद्धा दुपारी पारा 30च्या आसपास असतो, पहाटे 16-17पर्यंत उतरतो, भातसा नदीच्या काठाला आणखी थोडा. एवढ्या गारव्यात काय येतं, हे ओळखलं की निम्मं काम झालं. टोमॅटो खूश असतो, कारण उकाड्याच्या रात्री त्याची फुलं गळतात, फळ धरत नाही. मुळ्यात ‘पुसा चेतकी’ ऊन सोसते, 40-45 दिवसांत उपटायला येते. फ्लॉवरचा हट्ट असेल तर रोपं घेताना लवकर येणारी, म्हणजे हळवी जातच मागा. उशिराच्या जातींना गड्डा धरायला 10 ते 16 अंश लागतात. त्या इथे नुसती पानं वाढवतात. नाशिककरांशी बरोबरी कशाला?

कोथिंबीर-मेथीचा सगळा वाफा एकदम पेरू नका, आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरा. धणे चपलेखाली रगडून दोन डाळी सुट्या करायच्या आणि रात्रभर भिजवायचे. पेरल्यावर वर भाताचा पेंढा पसरायचा. कोंब दिसले की पेंढा विरळ करायचा. पाणी सकाळी.

पण या भागातलं खरं हिवाळी पीक वाल. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो, वेगळं पाणी फारसं मागत नाही. कोपऱ्यापुरती जागा असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण भूषण’ लावा. बुटकी जात, मांडव नको. शेंगा कोवळ्या असताना खुडल्या तर भाजी होते. ढगाळ हवा पडली की शेंड्यांवर मावा बसतो. पहाटे दव असताना चुलीतली राख उडवायची; वरचेवर औषध मारून घरची भाजी खाण्यात काय अर्थ?

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री उबदार होतात, कोथिंबीर फुलावर येते. तेव्हा तिचा मोह सोडा, वाफा खणून भेंडी आणि गवार टोका.