डावखुरे गोलंदाज बाळू पालवणकर

क्रिकेटच्या खेळात धावांची रास रचणाऱ्या फलंदाजाचे नाव सहज सर्वतोमुखी होते. गोलंदाजाचे श्रम मात्र लोकांच्या स्मरणातून लवकर पुसले जातात. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर झाला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच्या एकवीस वर्षे आधी हिंदुस्थानचा एक संघ इंग्लंडला जाऊन आला होता, आणि त्या दौऱ्यात एका गोलंदाजाने शंभराहून अधिक गडी बाद केले होते, हे फार थोड्यांना माहीत आहे. हे गोलंदाज म्हणजे बाळू पालवणकर होत.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातले. पालवण या गावावरून त्यांना पालवणकर हे आडनाव मिळाले. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या आसमंतात गेले. गोरे अधिकारी क्रिकेट खेळत आणि त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम तो खेळ शिकले. पुढे विठ्ठल व गणपत हे दोघे भाऊही नामांकित खेळाडू झाले. हे कुटुंब चर्मकार समाजातले होते. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानीत असत, आणि ही गोष्ट बाळूंच्या खेळाच्या वाटेत पावलोपावली आडवी येत राहिली.

खेळाडू म्हणून मैदानावर पाऊल टाकण्यापूर्वी बाळूंनी तेथे नोकर म्हणून प्रवेश केला. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरवणे या कामासाठी त्यांना दरमहा तीन रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार चार रुपये झाला आणि कामही वाढले. खेळपट्टी दाबावयाची, चुन्याच्या रेघा ओढावयाच्या, जाळ्या उभारावयाच्या. आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकावयाचे. या अखेरच्या कामातच बाळूंची विद्या वाढली. जी जमीन आपण सकाळी पाणी घालून दाबली, तिच्यावर दुपारी चेंडू कसा उसळेल हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास कळणार?

कॅप्टन ग्रेग हे त्या वेळचे पट्टीचे फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी आपणास बाद केले तर प्रत्येक वेळी आठ आणे द्यावयाचे, असा ग्रेगसाहेबांनी करार केला होता, असे सांगतात. ही गोष्ट खरी असेल, तर महिन्यातून आठ वेळा त्यांना बाद केले की बाळूंची मिळकत दुप्पट होत असली पाहिजे. परंतु इतकी वर्षे त्यांच्या हातून चेंडू टाकून घेणाऱ्या साहेबांनी त्यांच्या हाती बॅट मात्र दिली नाही. फलंदाजी ही धन्याची आणि गोलंदाजी ही चाकराची, असाच तेथील रिवाज होता.

बाळूंच्या गोलंदाजीचे मर्म काय होते? ते डाव्या हाताने मंदगती चेंडू टाकीत. असा गोलंदाज चेंडू सोडताना बोटांनी त्याला फिरकी देतो. त्यामुळे टप्पा पडल्यावर चेंडू सरळ न जाता उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या अंगापासून दूर वळतो. फलंदाज चेंडूच्या मूळ दिशेने बॅट आणतो, आणि तोवर चेंडू बॅटीची कड घेऊन क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो किंवा तिला चुकवून यष्टी गाठतो. एवढे कोणत्याही साधारण डावखुऱ्या गोलंदाजास साधते. खरे कौशल्य पुढेच आहे. टप्पा नेमका हव्या त्या जागी पाडणे, चेंडूचा वेग व उंची न कळत बदलणे, आणि वळणाऱ्या दहा चेंडूंनंतर अकरावा सरळ सोडणे, या गोष्टी तासन् तास एकाच जागी चेंडू टाकल्याखेरीज हाताला वश होत नाहीत. पूना क्लबाच्या जाळीत बाळूंनी नेमके तेच केले होते.

ही कीर्ती पुण्यातील हिंदूंच्या क्लबाच्या कानी गेली. युरोपियनांशी सामने खेळावयाचे तर असा गोलंदाज हवा, असे काही सभासदांना वाटे. इतरांना ते मान्य नव्हते. पुष्कळ वाद होऊन बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला हात लावीत. पण चहाची वेळ झाली की संघाचे इतर गडी आत बसत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्यांचे जेवणही वेगळे असे. चेंडूचा विटाळ होत नव्हता, पण पेल्याचा होत होता! अशा स्थितीतही बाळू खेळत राहिले. साताऱ्याच्या युरोपियन संघाविरुद्ध त्यांनी सात गडी बाद करून पुण्याला विजय मिळवून दिला. त्यानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी त्यांचा जाहीर गौरव केला.

पुण्यात प्लेगचा कहर झाला त्या सुमारास बाळू मुंबईस आले. तेथे ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. येथेही आरंभी विरोध झाला. तथापि पुढे या भावांना इतर गड्यांबरोबर बसून जेवता येऊ लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू व युरोपियन यांच्यात मोठा सामना झाला. हिंदूंनी दोन डावांत २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. हिंदूंचा १०९ धावांनी विजय झाला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद साऱ्या शहरास झाला, आणि त्यात बाळू व शिवराम यांचा मोठा वाटा होता.

१९११ साली महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू व मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांचे खेळाडू त्यात एकत्र होते. बाळू आणि शिवराम या दोघांचीही निवड झाली होती. संघाची कामगिरी सामान्यच झाली: तेवीस सामन्यांपैकी सहा जिंकले, पंधरा गमावले आणि दोन अनिर्णित राहिले. पण बाळूंनी, वयाच्या पस्तिशीत, त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. लीस्टरशायरविरुद्ध मिळालेल्या विजयात एकट्या त्यांचे अकरा बळी होते. परत आल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी दिलेले मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केले होते, असे सांगितले जाते.

एवढे सारे होऊनही एक मान बाळूंना नाकारण्यात आला. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे कधीच रीतसर आले नाही. त्यांच्याहून कमी अनुभवाचे खेळाडू कर्णधार झाले. त्यांपैकी एम. डी. पै यांनी तर हा मान वास्तविक बाळूंचा होता, असे जाहीरपणे बोलून दाखविले. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळण्यात आले, तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. वृत्तपत्रांतून व लोकांतून मोठी चर्चा झाली. अखेर बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा त्यांच्या संघाने जिंकली. थोरल्या भावास न मिळालेला मान धाकट्याने मिळविला खरा. पण थोरल्याची ऐन उमेदीची वर्षे तोवर निघून गेली होती.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात वावरू लागले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे उभे राहिले, आणि दैवयोग असा की त्यांची लढत डॉ. आंबेडकरांशीच पडली. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते मिळाली.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले, आणि प्रत्येक गड्यामागे सरासरीने पंधराहून किंचितच अधिक धावा दिल्या.