वाढत्या गावाची शाळा : पैसा येतो कोठून?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. निमित्त साधेच. माझी वहिनी समितीवर पालक-सदस्य आहे, आणि अर्थशास्त्र शिकणाऱ्या दिराला सरकारी अर्ज लिहिता यायलाच पाहिजे अशी तिची समजूत! गाव पुण्याच्या पूर्वेला, हवेली तालुक्यात. जिल्हा परिषदेची शाळा चार खोल्यांची. लहान मुले सकाळी, मोठी दुपारी. तरीही दोन वर्ग व्हरांड्यात बसतात. समोर अकरा मजली इमारती उभ्या आहेत. "भाऊजी, गावात एवढा पैसा येतोय, मग शाळेलाच कसा येत नाही?" असे वहिनीने विचारले. उत्तर मला ठाऊक नव्हते. शोधताना जे हाती लागले ते येथे मांडतो.

पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे ७२ लाख होती, ती २०११ साली ९४ लाखांवर गेली. पुढची जनगणना २०२१ साली व्हायची ती झाली नाही. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतींना वाटताना लोकसंख्या धरली ती २०११ ची. म्हणजे दहा-बारा वर्षांत तिप्पट झालेले गाव सरकारच्या वहीत जुनेच राहिले. शिवाय त्या अनुदानातील मोठा भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेला. त्यातून शाळेची स्वच्छतागृहे होतील. खोल्यांसाठी दुसरीकडे पाहावे लागते.

ही दुसरीकडची दारे तीन-चार आहेत. एक समग्र शिक्षा योजना : ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. तिचा आराखडा जिल्ह्यातून निघून दिल्लीच्या प्रकल्प मान्यता मंडळापर्यंत जातो. दुसरे जिल्हा नियोजन समिती, जिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. तिसरे जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न, ज्याला बोलीत सगळे 'सेस फंड' म्हणतात. चौथे कंपन्यांचे सामाजिक दायित्व. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के त्यावर खर्चावे लागतात. या चौथ्या दाराविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. देणगीदार जेथे आधीच नाव झाले आहे तेथे जातो. व्हरांड्यातली शाळा त्याला दिसत नाही.

वहिनीच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र मुद्रांक शुल्कात आहे. ग्रामीण भागात सदनिका किंवा जमीन विकली की खरेदीखतावर एक टक्का अधिभार बसतो आणि त्यातला वाटा जिल्हा परिषदेला व ग्रामपंचायतीला मिळतो. म्हणजे समोरच्या इमारतीतली प्रत्येक सदनिका थोडे पैसे देतेच. पण ते आधी सरकारजमा होतात, मग अनुदान म्हणून परत येतात. आणि आल्यावर रस्ते, गटारे, दिवे यांच्या रांगेत शाळा उभी राहते. बिल्डर विकास शुल्क भरतो तेही नियोजन प्राधिकरणाकडे, आणि त्यावर शाळेचे नाव नसते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९८६ पासून नव्या घरांवर चौरस फुटामागे शाळा-इमारतींसाठी वेगळे शुल्क घेता येते. मोठ्या कामासाठी तेथील शाळा-मंडळ मतदारांना विचारून कर्जरोखे काढते व मालमत्ता करातून ते फेडते. तिकडे सगळे आलबेल आहे असे नव्हे. पण घर आणि शाळा यांचा हिशेब एका पानावर तरी येतो.

आता खोल्या किती द्यायच्या, हा प्रश्न. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हवी, आणि शिक्षक किती ते पटावर ठरते. वरकरणी न्याय्य वाटणाऱ्या या नियमात एक पेच आहे. खोल्या नाहीत म्हणून पालक मुलांना पैसे भरून इंग्रजी शाळेत घालतात. मग पट वाढत नाही, आणि पट वाढत नाही म्हणून खोल्या मंजूर होत नाहीत. व्हरांड्यात उरतात ती मजुरांची, रखवालदारांची, घरकाम करणाऱ्या बायांची मुले. समोरच्या इमारती त्यांच्याच आईबापांनी बांधल्या.

आणखी एक अडथळा हद्दीचा. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पुणे महापालिकेत घेतली गेली. उद्या शाळा महापालिकेकडे जाणार असेल तर जिल्हा परिषद आज पैसा कशाला घालील, असा माझा तर्क आहे. त्यात मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत राहिले. गावाचा प्रश्न सभेत मांडायला सदस्यच नव्हता.

इतके समजून घेऊन मी अर्ज लिहिला : समितीचा ठराव, पटसंख्या, जुन्या दोन खोल्यांच्या निर्लेखनाची मागणी. मोडकळीस आलेली खोली निर्लेखित झाल्याशिवाय पाडता येत नाही, आणि पाडल्याशिवाय तिच्या जागी नवी बांधता येत नाही. पंचायत समितीत कागद पाहून साहेबांनी एकच विचारले, "जागेचा उतारा?"

तेव्हा उलगडा झाला. शाळेची जागा साठएक वर्षांपूर्वी गावातल्या एका शेतकऱ्याने तोंडी दिली होती. सातबाऱ्यावर नाव अजून त्याच घराण्याचे. तेव्हा त्या गुंठ्यांना कोणी विचारत नव्हते. आज त्यांची किंमत चार खोल्यांच्या खर्चाहून कितीतरी जास्त आहे. नातवंडे पाच. वहिनी प्रत्येकाकडे जाऊन आली. चौघे बक्षीसपत्रावर सही करायला तयार आहेत. पाचवे नाशिकला असतात. दिवाळीला गावी येतो, तेव्हा बोलू, म्हणाले. अर्ज तोपर्यंत माझ्या टेबलाच्या खणात आहे.