कुंडीतल्या पिंपळाला वळण कोणते द्यावे?

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या चाळीच्या भिंतीची डागडुजी निघाली. गवंड्याने फटीतले पिंपळाचे रोप उपटून फेकले. पिंपळ म्हणजे आपला बोधिवृक्ष! मुलीने ते उचलून घरी आणले. त्याच्या मुळांनी विटेचा एक तुकडा घट्ट धरून ठेवला होता. तो तसाच ठेवून रोप कुंडीत लावले. गॅलरी दीड हाताची, म्हणून बोन्साय करायचे ठरले.

शेजारच्या बाबांना हे रुचले नाही. ते म्हणाले, "अरे, पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला खुजं ठेवलं. आता तुम्ही बोधिवृक्षालाच खुजा करणार?" प्रश्न जिव्हारी लागला. वर्षभर कात्री लावली नाही. रोप नुसते वाढू दिले आणि पाहत राहिलो.

वाचकहो, आकार ठरविण्याआधी हे पाहणेच महत्त्वाचे. प्रथम माती थोडी बाजूला सारून मुळे पाहावीत. ज्या बाजूने ती पसरलेली दिसतात, ती झाडाची दर्शनी बाजू. मग खोडाचा कल पाहावा. सरळ, वळणदार, कललेले, खाली झुकणारे, दगडावर मुळे रोवलेले असे बोन्सायचे अनेक प्रकार आहेत. मुलाला पुस्तकातल्यासारखे सरळसोट झाड हवे होते. पण आमचे रोप भिंतीतून बाहेर झुकूनच वाढलेले. ते ताठ करायचे म्हणजे तारेने जबरदस्ती करणे. मुलगी म्हणाली, "पप्पा, वीट आणि कल, दोन्ही राहू द्या. ते कुठून आलं, ते दिसू द्या." तेच सर्वांना पटले.

गेल्या पावसाळ्यात सरळ वर चाललेला जाड शेंडा छाटला. छाटल्यावर पांढरा चीक येतो, तो ओल्या फडक्याने पुसावा. बाजूच्या कोवळ्या फांदीला अ‍ॅल्युमिनियमची तार सैल गुंडाळली. पिंपळाची फांदी लवकर जाड होते व तार सालीत रुतते, म्हणून दर आठवड्याला पाहावे आणि रुतण्याआधी तार कापून काढावी. मुळे आणि फांद्या एकाच वेळी छाटू नयेत. बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवणे नव्हे. त्याला ऊन, पाणी, खत सगळे लागते.

छाटलेल्या शेंड्याचे काय करायचे? सम्राट अशोकाची कन्या थेरी संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेत नेली. तिचा वृक्ष अनुराधापूरला आजही उभा आहे. ते आठवून शेंड्याच्या दोन काड्या केल्या आणि ओल्या मातीत लावल्या. एक वाळली, एकीला पालवी फुटली. ती आम्ही विहाराच्या अंगणात, भिंतीपासून दूर, मोकळ्या जागेत लावली. पहिले पाणी बाबांच्याच हातून घातले.

गॅलरीतला पिंपळ आता वीतभर आहे. विहारातला मात्र कितीही वाढो. त्याला आम्ही कात्री लावणार नाही.