माशांचें पाणी आणि पिवळें पान

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. कोहळी समाजानें गोंड राजवटींत बांधलेले तेथील तलाव भाताला पाणी व ढिवरांना मासे देत आले; त्यांतला गाळ शेतांस खत झाला. मासा व पीक यांचें हेंच नातें आतां अंगणांतील टाक्यांतहि जोडतां येतें. माशांनीं सोडलेल्या अमोनियाचें सूक्ष्म जंतु नायट्रेट बनवितात. तें पाणी खडीच्या वाफ्यांतून फिरविलें कीं पालक, मेथी मातीवांचून वाढतात व निवळलेलें पाणी माशांकडे परततें.

भाजी पिवळी पडली म्हणजे माशांना अधिक खाद्य घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, उरलेलें खाद्य कुजून मासे दगावतात. आधीं पान पाहावें. खालचीं जुनीं पानें पिवळीं पडलीं, तर नत्र उणें. मासे हळूहळू वाढवावेत. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका पडला, तर लोह उणें. माशांच्या खाद्यांतून तें बहुधा पुरेसें मिळत नाहीं; म्हणून खताच्या दुकानीं मिळणारें चिलेटेड लोह, लिटरमागें सुमारें २ मिलिग्रॅम लोह होईल अशा बेतानें, पाण्यांत घालावें. पाण्याचा सामू ७ हून किंचित् खालीं ठेवावा. तो फार चढला, तर असलेलें लोहहि मुळांना लाभत नाहीं. कीटकनाशक मात्र सर्वथा वर्ज्य समजावें. पानावर मारलेलें विष त्याच पाण्यानें माशांपर्यंत पोंचतें.